कूलर बंद करायची तयारी आहे का?

मागच्या अंकात जाता जाता एका ओळीत लिहून गेलो होतो की रिमोटच्या छोट्या हेलिकॉप्टरबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि आता पत्रांचा ढीग पडलाय. निम्म्या लोकांचा प्रश्न एकच, "कोणतं घेऊ?", आणि उरलेल्यांनी आधीच घेऊन टाकलंय आणि ते आता कपाटावर धूळ खात पडलंय. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला, फक्त हेच.

प्रश्न : भाऊ, मुलगा सहावीत आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मामाकडे गेला होता, तिथं कुणाच्या तरी हातात रिमोटचं हेलिकॉप्टर बघितलं, तेव्हापासून जेवताना पण तेच चालू. बजेट दोन-अडीच हजार. बाजारात एकाने साडेतीन चॅनलचं दाखवलं, दुसरा म्हणे चार चॅनलच्या खाली घेऊच नका, आणि मोबाईलवर सातशे रुपयात खाली हात धरला की वर जाणारं पण दिसतं. डोकं चालेना. (एक वडील, अमळनेर)

उत्तर : दादा, चॅनल-बिनल नंतर बघू, आधी हे सांगा की उडवणार कुठं? तुम्ही म्हणाल घरात. बरं, घरात म्हणजे हॉलमध्ये, आणि आपल्याकडे मार्च ते जून हॉलमध्ये काय असतं? खिडकीत कूलर आणि वर पंखा. ही वस्तू असते ३०-४० ग्रॅमची, कूलरच्या झोतात सापडली की सरळ समोरच्या भिंतीवर, आणि पंखा वरून हवा ढकलतो म्हणून ती खाली दबते, मग पोरगं जोर वाढवतं, आणि एकदम वर गेली की पंख्याच्या पात्यात. म्हणजे उडवायचं तर कूलर बंद, पंखा बंद, आणि बाहेर ४४ डिग्री. मी माझं पहिलं असंच मे महिन्यात आणलं होतं, दुपारी दोनला हौसेने कूलर बंद केला, आमच्या हिने झोपेतून डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, बोलली काहीच नाही. मी गपचूप परत चालू केला. तेव्हापासून आमच्याकडे उड्डाणाची वेळ सकाळी सहा ते सात.

तर जागा तुमची हॉल आहे असं धरून सांगतो, एकावर एक दोन पंखे असलेलं घ्या, ज्याला कोअ‍ॅक्सियल म्हणतात. कारण समजून घ्या. हातातलं ड्रिल भिंतीत अडकलं की मनगट कसं उलटं पिरगाळलं जातं, तसंच डोक्यावर मोठा पंखा एका बाजूला फिरायला लागला की खालचं धड उलट्या बाजूला फिरायला बघतं. खऱ्या हेलिकॉप्टरला शेपटीवरचा उभा पंखा असतो तो ह्यासाठीच, धडाला धरून ठेवायला. कोअ‍ॅक्सियलमध्ये वरचा पंखा एका दिशेला आणि खालचा उलट्या दिशेला फिरतो, दोघांचा पीळ एकमेकात जिरतो, आणि अगदी वर ती दोन टोकांना वजनं लावलेली दांडी असते ना, फ्लायबार, ती हेलिकॉप्टर कलंडायला लागलं की सावरून घेते. त्यामुळे होतं काय की पोराने बाकी काही न करता फक्त जोर धरून ठेवला तरी ते बापडं हवेत एका जागी लटकून राहतं. नवशिक्याला ह्याच्याहून जास्त काय पाहिजे?

तीन चॅनल म्हणजे तीन कामं. वर-खाली, डावी-उजवीकडे तोंड वळवणं, आणि पुढे-मागे. आडवं सरकत नाही. आता साडेतीन मधला तो अर्धा म्हणजे काय, तर आत बसवलेला जायरो, जो तोंड भरकटू देत नाही. त्याला रिमोटवर काही दांडी नसते, विकणाऱ्यांनी आपलं अर्धा मार्क वाढवून दिलाय. फसवणूक म्हणणार नाही मी, जायरो पाहिजेच, पण साडेतीन हे तीनच्या पुढचं काही आहे असं समजून दोनशे रुपये जास्त देऊ नका.

चार चॅनलमध्ये डोक्यावर एकच पंखा, शेपटीला उभा छोटा पंखा, आणि ते आडवं पण सरकतं. दिसायला खऱ्यासारखं, उडायला मस्त, पण ते स्वतःहून जागेवर थांबत नाही, दोन्ही अंगठे सारखे चालू ठेवायला लागतात. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सहावीतला पोरगा दोन दिवसात पाती तोडेल आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोबाईल घेऊन बसेल. त्या दुकानदाराचं चुकलं असं नाही, त्याने तुमचा हॉल बघितलेला नाही एवढंच.

नाव घेऊन सांगायचं तर सायमा एस१०७जी हे ह्या वर्गातलं जुनं आणि बऱ्यापैकी टिकाऊ, अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, लांबी साधारण २२ सेंटीमीटर, आत १५० एमएएचची बॅटरी, पाऊण तास चार्ज केलं की सहा ते आठ मिनिटं उडतं. हो, सहा ते आठ मिनिटंच, हे पोराला आधीच सांगून ठेवा नाहीतर पहिल्याच दिवशी रडारड. ह्याचंच एस१०७एच आहे, त्याचा रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे रेडिओ लहरींवर चालतो आणि दांडी सोडली तरी त्या उंचीवर थांबतं. लहान पोराला ते सोपं जातं. पण खरं शिकायचं असेल तर माझं मत विचाराल तर जुनंच बरं, कारण उंची अंगठ्याने सांभाळायची सवय एकदा लागली की पुढचं प्रत्येक हेलिकॉप्टर सोपं होतं.

सातशेचं हातावरचं ते उडवायचं नसतंच, खाली सेन्सर असतो, हात दिसला की जोर वाढवतो, संपलं. वळवता येत नाही, घरभर भिंतीला धडका देत फिरतं. वाढदिवसाला द्यायला ठीक.

घेताना दुकानदाराला खोकं उघडायला लावा आणि एकच विचारा, "ह्याची पाती सुट्टी मिळतील का?" तो इकडेतिकडे बघायला लागला तर उठा. कारण पाती तुटणारच, मुख्य गिअर घासणारच, शेपटीचा पंखा कुठंतरी कपाटाखाली जाणारच. सुटे भाग मिळत नसतील तर स्वस्तातलं हेलिकॉप्टर महागात पडतं. आणि १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघा. बऱ्याच हेलिकॉप्टरवर तर १४ वर्षांच्या पुढच्यांसाठी असंच लिहिलेलं असतं, म्हणजे सहावीतल्या पोराने उडवताना तुम्ही बाजूला बसायचं. पात्याने बोट कापत नाही, पण डोळ्याचं काही सांगता येत नाही, चेहऱ्याच्या उंचीवर कुणाच्या अंगावर नेऊ द्यायचं नाही.

भाव जरा जास्त वाटतो ही तक्रार सगळ्यांचीच आहे. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ ला ७०, म्हणून दहा वर्षापूर्वीचा भाव डोक्यात ठेवून बाजारात गेलात तर चिडचिडच होईल.

एक राहिलं. पोराला पहिल्या दिवशी उडवायला नाही, पाडायला शिकवा. म्हणजे भिंतीला लागतंय असं दिसलं की जोराची दांडी एकदम शून्यावर. नवीन माणूस घाबरून उलटा जोर वाढवतो, पाती पडद्यात अडकलेली आणि मोटर पूर्ण दमात, मग गिअरचे दात जातात नाहीतर मोटर जळते. गुडघाभर उंचीवरून फरशीवर पडून काही होत नाही त्याला.

प्रश्न : भाऊ, दिवाळीत भाचीला हेलिकॉप्टर आणलं. रात्री घरात छान उडतं पण सकाळी अंगणात नेलं की ऐकतच नाही, मध्येच बंद पडून खाली येतं. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला. (एक मावशी, एरंडोल)

उत्तर : ताई, बॅटरी नका बदलू, पैसे वाचवा. तुमचं इन्फ्रारेडवालं आहे. टीव्हीच्या रिमोटसारखंच, न दिसणारा उजेड पाठवतं, आणि उन्हात तोच उजेड भरपूर असतो म्हणून हेलिकॉप्टरच्या डोळ्याला रिमोटचा उजेड वेगळा ओळखूच येत नाही. भर बाजारात लांबून कुणी हळू आवाजात हाक मारावी तसं. रिमोटच्या तोंडाला काळं प्लास्टिक किंवा छोटे दिवे दिसतील, ते मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून दांडी हलवा, जांभळट चमकलं तर इन्फ्रारेड नक्की. एका कॅमेऱ्यात दिसलं नाही तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा. हे घरातच उडवायचं, रिमोट त्याच्याकडे रोखून, आणि मध्ये कुणी उभं राहायचं नाही. एरवी अंगणात सूर्य बुडाल्यावर चालेल, वारा नसेल तर.

दोघी बहिणींना दोन आणणार असाल तर रिमोटवर ए-बी असं बटण आहे का ते बघून घ्या, एकीचं ए वर आणि दुसरीचं बी वर. नाहीतर एकीच्या रिमोटने दोन्ही उडतात आणि मग घरात जे उडतं ते वेगळंच.

प्रश्न : जमिनीवरून उचललं की भोवऱ्यासारखं गोल गोल फिरतं. ट्रिमचं (तोंड सरळ ठेवायचं) बटण पूर्ण एका बाजूला नेलं तरी थांबेना. आधी नीट होतं. (पाचोरा)

उत्तर : दोन पंख्यांचं असेल तर आत दोन मोटरी असतात, एक वरच्या पंख्याला आणि एक खालच्या. तोंड वळवणं म्हणजे दोघींच्या वेगात थोडा फरक करणं, बस. त्यामुळे एक मोटर मंदावली की दुसरीचा पीळ उरतो आणि धड गोल फिरतं. आता ती मंदावली कशाने? दहात आठ वेळा केसाने. बायकांचे लांब केस फरशीवर असतात, हेलिकॉप्टर खाली टेकतं, दांड्याला केस गुंडाळला जातो आणि गिअरच्या आत जाऊन बसतो. आणि एक खास आपल्याकडचं सांगतो. मागच्या हिवाळ्यात एका गाववाल्याने माझ्याकडे हेच दुखणं आणलं होतं. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवलेला, पुढची खोली छतापर्यंत पांढरी, आणि पोरगं त्याच्याच कडेला बसून हेलिकॉप्टर उडवायचं. मी भिंग लावून बघितलं तर दांड्याभोवती कापसाच्या तंतूचा चक्क दोरा वळलेला, चरख्यावर काढल्यासारखा. चिमट्याने आणि ब्लेडच्या टोकाने हळूहळू काढला, शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब दिला, लगेच सरळ उडालं. कापसाचं काय झालं विचाराल तर तो अजून तिथंच होता.

केस-कापूस काही नसेल तर मोटर झिजली. ह्या छोट्या मोटरीत ब्रश असतात, ते झिजतात, त्याला इलाज नाही, मोटर बदलायची. जळगावच्या गोलाणी मार्केटला मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेऊन दोन वायरी डाग देऊन घ्या, घरच्या जाड सोल्डरिंगने करू नका. आणि एका पाठोपाठ बॅटऱ्या लावून उडवू नका, मधे दहा मिनिटं मोटर गार होऊ द्या.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर माणूस, नातवासाठी घेतलं आणि आता मीच उडवतो. एका उन्हाळ्यात बॅटरी पापडासारखी फुगली आणि दोन मिनिटं पण चालत नाही. काय चुकलं? (भुसावळ)

उत्तर : काका, चुकलं भुसावळचं! गंमत करतोय, पण पूर्ण गंमत नाही. ह्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या, लायपो म्हणतात, त्या चार्ज करताना आजूबाजूचं तापमान ४५ डिग्रीच्या वर असू नये असा साधारण नियम आहे, आणि तुमच्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथं जाऊन बसतो. त्यात उडवून झालं की बॅटरी स्वतः गरम असते, नातू म्हणतो आजोबा लगेच लावा, आपण लावतो. फुगणारच.

म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे नाहीतर रात्री उशिरा. उडवल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत, वीस मिनिटं धरा, चार्जरला लावायची नाही. गच्चीवर, स्कूटरच्या डिकीत, पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही. चार्ज करताना गादीवर किंवा सोफ्यावर नको, फरशीवर किंवा मातीच्या परातीत ठेवा आणि त्याच खोलीत राहा. सोबत आलेली यूएसबीची वायर कॉम्प्युटरच्या नाहीतर साध्या जुन्या चार्जरच्या पोर्टला लावा, आताच्या फास्ट चार्जरला नको. पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट असते आणि ३ व्होल्टच्या खाली गेली की तिचं कायमचं नुकसान होतं, त्यामुळे हेलिकॉप्टर दमायला लागलं, वर जाईना, की लगेच उतरवा. शेवटच्या थेंबापर्यंत पिळायचं नाही. महिनाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरून पण ठेवू नका आणि रिकामी पण नको, निम्म्याच्या आसपास, मीटर असेल तर ३.८ व्होल्ट.

फुगलेली परत वापरायची नाही, टोचून हवा काढायचा उद्योग तर बिलकुल नाही, पेट घेते. वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

आणि दुपारी जोर कमी वाटत असेल तर तो दरवेळी बॅटरीचा दोष नसतो. ४५ डिग्रीची हवा २० डिग्रीच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के पातळ असते, पात्याला पकडायला हवाच कमी मिळते. हिवाळ्यात सकाळी तेच हेलिकॉप्टर बघा कसं चटकन उचलतं.

प्रश्न : केळीवर फवारणीला असं छोटं हेलिकॉप्टर जमेल का? कॅमेरा लावून बागेवर नजर पण ठेवता येईल. (यावल)

उत्तर : नाही जमणार भाऊ. हे स्वतःच ४० ग्रॅमचं, त्याच्यावर फवाऱ्याचं नोझल लटकवलं तरी उठणार नाही. फवारणीचे ड्रोन वेगळे, १० लिटरच्या टाकीचे, ते उडवायला रिमोट पायलटचं सर्टिफिकेट लागतं. आणि केळीच्या बागेत हे नेऊच नका, एकदा पानांच्या आत गेलं की घड कापणीलाच सापडेल. पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत पण तेच, पाती काड्यांत अशी गुंततात की काढताना उरलेलं मोडतं.

प्रश्न : मेहरूण तलावाकडे मोकळ्या जागेत उडवलं तर पोलीस परवानगी लागते का? मित्र घाबरवतोय. (जळगाव)

उत्तर : मित्राने ड्रोनचे नियम अर्धे वाचलेत. २०२१ च्या ड्रोन नियमात २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनोमध्ये येतं, त्याला पायलटचं लायसन लागत नाही, आणि तुमचं तर त्याच्या पाव पण नाही. घरात तर प्रश्नच नाही. पण मोकळ्यावर उडवायचं तर डिजिटल स्काय ह्या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा आधी बघा, लाल-पिवळा-हिरवा असे झोन दिलेत, आणि जळगावला विमानतळ आहे हे विसरू नका, त्या बाजूला जाऊच नका. पण खरी अडचण परवानगीची नाहीच, तलावावरचा वारा आहे. तीन चॅनलचं तिथं नेलंत तर ते पाण्यात जाणार, मी लिहून देतो.

प्रश्न : एक वर्ष डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११एस उडवतोय, आता हात बसलाय. उलटं उडणारं घ्यायचंय. कॉलेजला आहे, पैसे साठवलेत. (धुळे)

उत्तर : वा! पत्रांमधला हा एकटाच, ज्याने पायऱ्या बरोबर चढल्यात. व्ही९११एस म्हणजे चार चॅनल, फ्लायबार नाही, सहा अ‍ॅक्सिस जायरो सावरून घेतो. त्याच्या पात्यांचा कोन ठरलेला असतो, वर जायचं तर पंखा जोरात फिरवायचा, खाली यायचं तर हळू. उलटं उडणाऱ्याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात, त्याच्यात पंख्याचा वेग जवळजवळ तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो, कोन उलटा केला की जोर पण उलटा, म्हणून ते पाठीवर झोपून तरंगू शकतं. उत्तर तिथल्या तिथं, अंगठा हलला की उडी. म्हणूनच पहिल्या दिवशी अंगावर येतं.

छोट्यात एक्सकेचं के११० बघ. मुख्य मोटर ब्रशलेस, म्हणजे झिजायची कटकट नाही, शेपटीची मात्र ब्रशवालीच आहे, ती एक-दोन जास्तीची घेऊन ठेव. स्विचवर दोन पद्धती आहेत, एकात जायरो सरळ करून देतो आणि दुसऱ्यात तू आणि तुझं नशीब. पहिला महिना दुसऱ्यात जायचंच नाही. साठवलेल्या पैशातून हेलिकॉप्टरला सगळे घालू नकोस, चार जोड पाती, दोन मुख्य गिअर, एक दांडा, तीन बॅटऱ्या एवढं बाजूला काढ, आणि राहिलं तर कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटर. तिथं शंभर वेळा पडलं तरी फुकट.

सराव कसा, तर आधी शेपूट आपल्याकडे ठेवून एका जागी उभं करणं, मग शेपूट डावीकडे, मग उजवीकडे, आणि सगळ्यात शेवटी तोंड आपल्याकडे. तोंड आपल्याकडे केलं की डावं-उजवं उलटं होतं, भल्याभल्यांचा अंगठा तिथं चुकतो. माझा पण अजून चुकतो, मागच्याच आठवड्यात तुळशीवृंदावनात घातलं. उलटं उडवायचं त्याच्या पुढे. आणि जागा, हॉल नको आता, सकाळी सहाला शाळेचं रिकामं मैदान, गवत असलेलं, सिमेंटचं नको.

प्रश्न : आमचं हेलिकॉप्टर शेजारच्या धाब्यावर (घराच्या मातीच्या छतावर) जाऊन पडलं. शेजारी म्हणजे चुलतभाऊ, वाटणीवरून तीन वर्षांपासून बोलणं बंद आहे. काय करू? (चोपडा)

उत्तर : भाऊबंदकी ह्या पानावर बसत नाही दादा. पण बॅटरी आत आहे आणि वर धाब्यावर ऊन आहे, तेव्हा पोराला पाठवा, पोरांशी कुणी भांडत नाही. काका वर चढले तर त्यांनाच म्हणावं आधी बटण बंद करा, मग उचला. आणि परत आलं की ती बॅटरी फुगलीय का ते बघितल्याशिवाय चार्जला लावू नका.